समुद्र समोर होता, पण...

परवा पुण्याचे एक पाहुणे तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळता पिळता म्हणाले, "लॉकडाऊनमध्ये तुमचं बरं होतं हो. समोर समुद्र, शांतता, आम्ही मात्र फ्लॅटमध्ये कोंडलेले." मी सोलकढी वाढली आणि गप्प बसले. पाहुण्यांना उलट बोलायचं नसतं. फेसबुकवर मात्र बोलते.

मालवणजवळचं आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला दर्या, मधे माड आणि एकच रस्ता. आमचं चार खोल्यांचं निवास-न्याहारीचं घर. आमचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं आणि मेअखेर संपतं, पावसात स्कूबा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद. एप्रिल-मेच्या पैशांवर पुढचे चार महिने घर चालतं. आणि २०२० मध्ये बरोबर तेच दोन महिने गेले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी सकाळपासून फोनवर बसून लोकांचे अ‍ॅडव्हान्स परत करत होते. कपाटात इस्त्रीच्या सोळा चादरी तशाच. वाटलं, पुढच्या मे महिन्यात भरून काढू. तर २०२१ च्या मेमध्ये पुन्हा निर्बंध, वर १६ तारखेला तौक्ते वादळ. माड मोडून पडले, पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती.

मग भागवलं कसं? रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायच्या मोठ्या जाळ्यावर.

२०२० च्या एप्रिलमध्येच मासेमारीला सूट मिळाली आणि किनाऱ्यावर कितीतरी दिवसांनी दोरीला माणसं पुरली. एरवी रापण ओढायला माणूस मिळत नाही, पोरं सगळी स्कूबाला नाहीतर बोटींवर. शेजारचा मुलगा, पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन अंगठा वर करायला शिकवणारा, पहिल्या दिवशी दोरी ओढून आला तर दोन्ही तळहातांना फोड. त्याची आजी फोडांवर खोबरेल लावता लावता म्हणाली, "गो, ह्या दर्याक खंयचा लॉकडाऊन?" त्याच्या वाट्याला आलेले पेडवे आणि बांगडे एका टोपलीत मावले नाहीत. पण घेणार कोण? हॉटेलं बंद, गाड्या बंद. मग आम्ही बायकांनी मासळी खारवली आणि ज्या अंगणात पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायचे तिथे सुकत घातली. पाऊसभर तीच खाल्ली. १९९७ साली आमचा सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, त्याआधी सासूबाई दरवर्षी हेच करायच्या. मला मिठाचं प्रमाणसुद्धा त्यांना विचारावं लागलं, याची लाज वाटली.

सरकारी नियमांचं तर काय सांगू. ८ जुलैपासून हॉटेलं ३३ टक्के क्षमतेने उघडा म्हणाले. आमच्या चार खोल्यांचे ३३ टक्के म्हणजे एक खोली आणि दुसऱ्या खोलीची खिडकी! तेही भर पावसात, जेव्हा इथे कोणी फिरकत नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोनशे खोल्यांचं हॉटेल असणार, ज्या घरात पाहुणे आणि घरचे एकाच चुलीवरचं जेवतात ते नसणार. बंद खोल्यांचं वीजबिल मात्र रीडिंग न घेता, अंदाजाने, वेळेवर आलं.

पण खरी टोचणी वेगळीच आहे. "येवा, कोकण आपलाच असा" ही पाटी आमच्या फाटकावर होती. २०२० च्या मे महिन्यात गावागावांतून रस्त्यावर फांद्या आडव्या टाकल्या गेल्या. माझे धाकटे भावोजी पास काढून मुंबईहून आले, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात म्हणून आले, आणि गावाने त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवलं. मी कुंपणावरून डबा द्यायचे. ज्या वर्गात ते शिकले त्याच वर्गात सतरंजी टाकून झोपायचे. आमच्या चारही खोल्या, संडास-बाथरूमसकट, रिकाम्या होत्या. मी गावाला म्हटलं असतं तर कदाचित ऐकलं असतं. म्हटलं नाही. घाबरले होते, आणि एकदा खोलीत विलगीकरण झालं की पुढे पाहुणे येतील का, हाही हिशोब मनात होता. तो लपवण्यात काय अर्थ?

गणपतीला चाकरमान्यांना दहा दिवस विलगीकरण होतं. दिवाळीत मात्र गाड्यांची रांग लागली. मुंबईच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या. कुणालाही शाळा दाखवली नाही. कपाळाला तापमानाची बंदूक लावली, हातावर सॅनिटायझर ओतलं, चावी दिली. माणसं तीच, शहरं तीच, फक्त पैसे देणारी. याला कुणी परिस्थितीशी जुळवून घेणं म्हणत असेल तर म्हणो. मला ते म्हणवत नाही.

त्याच दिवाळीत भावोजींचा फोन आला. "वयनी, पर्यटक म्हणान येव काय भाव म्हणान?" ते हसत होते. मीही हसले. फोन ठेवला आणि तीन नंबरची खोली, जिचं बुकिंग आलेलं होतं, ती झाडायला घेतली. बुकिंगवाल्यांना कळवलं, खोली भरली आहे.