भाड्याच्या घराला एवढे चोचले कशाला?

नमस्कार,

भाड्याच्या घरात कुठला माल घालावा यावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चिडून, मग चहा घेताना शांतपणे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डोंबिवलीत तुमचे चार फ्लॅट भाड्याने आहेत, भाडेकरू घराची वाट लावतोच, म्हणून सगळ्यात स्वस्त माल घालायचा आणि तीन-चार वर्षांनी उपटून टाकायचा. मी सुचवलेलं बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) प्लाय आणि टाइल्सच्या सांध्यांत भरायचं एपॉक्सी म्हणजे नुसते चोचले. वर ‘प्लायवाल्याकडून किती सुटतात?’ हा टोमणा.

टोमण्याचं आधी उरकतो. काही सुटत नाही. सुटत असतं तर ‘भाड्याच्या घरात वॉर्डरोब बनवून घेऊ नका’ असं त्याच लेखात कशाला लिहिलं असतं?

आता मुद्द्याचं. रंगाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. भाडेकरू बदलला की रंग मारायचाच असेल तर डिस्टेंपर पुरे. भारी इमल्शन लावून त्यावर मुलांनी खडू चालवले म्हणून कुढत बसण्यात अर्थ नाही. फक्त दर वेळी जुन्यावर नवा हात चढवत गेलात की कधीतरी पापुद्रे सुटतात आणि मग भिंत खरवडण्याची मजुरी रंगापेक्षा जास्त होते. दिवे, पडद्याचे रॉड, दाराचे हँडल, सगळं स्वस्तातलं घ्या. स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतं ते स्वस्तात घ्यायला माझी काहीच हरकत नाही.

पण बदलायला छिन्नी-हातोडा लागतो तिथे तुमचा हिशेब चुकतो. माझाही चुकला होता.

चिंचवडचा माझा फ्लॅट. २०१७ साली बाथरूम नव्याने केलं. टाइल्स चांगल्या घेतल्या (त्या दिसतात ना!), सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले, आणि नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी निघून जायच्या भांड्याच्या) भोवतीचं वॉटरप्रूफिंग ‘तुमच्या हिशेबाने करा’ म्हणून गवंड्यावर सोडून दिलं. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर येतो, पाणी जड, फरशीवर पांढरे डाग पडतात. भाडेकरू बाई अतिशय टापटिपीच्या. दर रविवारी ॲसिड ओतून बाथरूम घासायच्या. आता ॲसिडला क्षाराचा डाग आणि सांध्यातलं सिमेंट यांतला फरक कळत नाही; दोन्ही विरघळतात. अडीच वर्षांत ट्रॅपजवळचे सांधे इतके पोकळ झाले की काडेपेटीतली काडी आत जात होती. मग एक दिवस खालच्या काकूंचा फोन: ‘आमच्या छतावर नकाशा उमटलाय, येऊन बघून जा.’

फरशी फोडली, राडारोडा पोत्यांत भरून सोसायटीच्या वेळेत खाली नेला, नवा थर दिला, दोन दिवस पाणी तुंबवून खाली थेंब येतो का पाहिलं. बाथरूम एकच, त्यामुळे बाई सोडून गेल्या. दीड महिना फ्लॅट रिकामा. १८,००० भाड्याने २७,००० तिथेच गेले, शिवाय काकूंचं छत रंगवून दिलं ते वेगळं. एपॉक्सीचे मी वाचवले होते जेमतेम ४,०००. (एपॉक्सी म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, खालचा थर लागतोच. पण घरगुती ॲसिड त्याला सहसा खात नाही.) यात भाडेकरूने कसली वाट लावली, सांगा. बाईंनी घर स्वच्छ ठेवलं, एवढंच.

म्हणून भाड्याच्या घरात माझे पैसे जातात ते भिंतीतल्या पाइपांवर, बाथरूमच्या तळावर आणि फरशीवर. फरशीला डबल चार्ज व्हिट्रिफाइड. तिच्यात रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, फ्रिज ओढला तरी ओरखडा चटकन दिसत नाही. वरून छापलेल्या डिझाइनच्या चकचकीत टाइलवर तोच ओरखडा दारातून दिसतो आणि चार वर्षांनी ते डिझाइन बाजारात मिळत नाही. कोणतीही घ्या, दोन खोकी जास्तीची घेऊन माळ्यावर टाका.

स्वयंपाकघरात मात्र तुम्ही मला पकडलंत. ‘आमच्या ओट्याखाली कडप्पा आहे, वडिलांच्या वेळेपासून’ असं तुम्ही लिहिलंय. लेख लिहिताना कडप्पा माझ्या डोक्यातच आला नाही. शहरात सगळीकडे प्लायची खोकी बघून तसं झालं असेल. कडप्पाचे उभे-आडवे कप्पे करून पुढे नुसती शटर लावली तर पाणी, वाळवी यांची चिंता नाही, आणि पूर्ण प्लायपेक्षा खर्चही कमी. ओट्याच्या वर तो नको, लिंबाने-चिंचेने डागतो, वर ग्रॅनाइटच. भाड्याच्या घराला याहून चांगलं काही मला सुचत नाही. लेखात ही दुरुस्ती करतो.

पण तुमच्या नव्या दोन फ्लॅटमध्ये पार्टिकल बोर्डची (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीची) ट्रॉली बसवली आहे म्हणता, ते नाही पटलं. सिंकचा सायफन कधी ना कधी टपकतो. बोर्डाची कड एकदा पाणी प्यायली की चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगते आणि बिजागरीचा स्क्रू हातात येतो. शटरपुरतं प्लाय घ्याल तेव्हा नुसत्या ‘मरीन’ शिक्क्यावर जाऊ नका. आयएस ७१० हे मरीन, म्हणजेच बीडब्ल्यूपी प्लायचं भारतीय मानक; त्याचं प्लाय चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल परवाना क्रमांक छापलेला असतो, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ॲपवर टाकून बघा.

‘दर तीन वर्षांचा खर्च टॅक्समध्ये दाखवतो’ असंही तुम्ही म्हणता. एकदा सीएला विचाराच. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा केली की उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीला तुम्ही दहा रुपये घाला नाहीतर दोन लाख. तीन वर्षांनी पुन्हा उपटलंत तर तो पैसा पूर्ण तुमच्या खिशातला.

त्या दोन फ्लॅटपैकी एक मे महिन्यात रिकामा होतोय ना? रंगाऱ्याला बोलवायच्या आधी सिंकखालची फळी मागच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघा आणि काय झालं ते इथेच कळवा. घट्ट निघाली तर तेही लिहा, मी छापतो.