एकतीस भागिले अठ्ठावीस

पाबे घाटात मला मांडवाच्या टेम्पोनं ओव्हरटेक केलं. नुसतं ओव्हरटेक केलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. त्याला जो वेळ लागला, तो माझ्या तक्रारीचा विषय आहे. टेम्पो माझ्या शेजारी आला आणि बराच वेळ शेजारीच राहिला. बांबू, कनाती, त्यावर खुर्च्यांची थप्पी आणि थप्पीच्या आधारानं बसलेली एक आजी. आजीनं वरून माझ्याकडे पाहिलं.

"बंद पडली का रं?"

"नाही आजी, चालू आहे."

आजीनं विचार केला. टेम्पो तेवढ्यात हातभर पुढं सरकला.

"मग थांबलास कशाला?"

मी थांबलो नव्हतो. ॲक्सिलरेटर तळाला टेकवून पहिल्या गिअरमध्ये चढत होतो. दुसरा टाकला की इंजिन खोकायचं, म्हणून पहिला. पण हे एवढं सगळं ओरडून सांगेपर्यंत टेम्पो वळणाआड गेला, आणि मागं मला त्याचा धूर आला.

जीप जुनी आहे. महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोच्या आराखड्याचं डिझेल इंजिन. इंजिनाचा काडीचा दोष नाही. भानगड टायरची आहे. मूळचे ६.००-१६, म्हणजे उंचीला साधारण २८ इंच. मी पंधराच्या रिमवर ३१ इंची बसवले. टायर उत्तम आहेत, चिखलात उत्तम आणि दगडांत तर त्याहून उत्तम. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं ज्या गृहस्थांची गाठ पडणार आहे त्यांचं मत निराळं आहे.

चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, आणि ते जादा पुढं जाणं इंजिनाला ओढावं लागतं. ३१ भागिले २८, म्हणजे जवळजवळ अकरा टक्के. ताशी ६० ला टॉप गिअरमध्ये माझं इंजिन पूर्वी मिनिटाला २१८० च्या आसपास फिरायचं, आता १९७० वर लोळतं. सपाट रस्त्यावर हे फार सुखाचं वाटतं, शेजारी बसलेला माणूस "किती शांत झाली हो गाडी" असंही म्हणतो. चढ लागला की तो गप्प होतो. भरीला स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. तो ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ नं जात असते. घाटात काटा दहावर होता. म्हणजे मी खरं तर अकरानं चढत होतो. हे आजीला सांगायचं राहिलं.

यावर औषध एकच, क्राऊन-पिनियन बदलणं. मागच्या आणि पुढच्या हौसिंगमध्ये, म्हणजे दोन चाकांमधल्या लोखंडी खोळीत, एक मोठं दातेरी चाक (क्राऊन) आणि एक छोटं (पिनियन) असतं. मोठ्याचे दात भागिले छोट्याचे दात म्हणजे रेशो. माझे ३९ ला ८, म्हणजे ४.८८. टायर जेवढ्या पटीनं वाढला तेवढ्याच पटीनं हा आकडा वाढवायचा: ४.८८ गुणिले ३१, भागिले २८, उत्तर ५.४०. आणि जीपच्या दुनियेत ५.३८ हा आकडा आधीपासून आहे! ४३ ला ८. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीस जीपला ४.८८ होता. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्यांना विकायला काढली, तेव्हा ५.३८ केला. टायर तेच, ६.००-१६. म्हणजे लढाईला ४.८८ पुरला, नांगराला पुरला नाही. ज्यांनी कोणी हे ठरवलं त्यांनी शेतातली ढेकळं पाहिली असणार.

इतकं सरळ गणित. पण आमच्याकडे सरळ गणित कुणाला पटत नाही. एक मित्र म्हणाला, "४.२७ टाक, हायवेला पळेल." त्याला हिशेब करून दाखवला, की ३१ च्या टायरवर ४.२७ म्हणजे जुन्या टायरवर ३.८६ टाकल्यासारखं, पळणं लांबच, फ्लायओव्हर चढायलाही माणसं उतरवावी लागतील. तो म्हणाला, "तरी पळेल." दुसरा म्हणाला, "घाटात लो टाकायचा." आता या गाडीत लो, म्हणजे जोर वाढवणारा जादा गिअर, टाकायचा तर आधी पुढची चाकं जोडावी लागतात, आणि पुढची-मागची चाकं जोडून कोरड्या डांबरावर वळणं घेतली की सगळी यंत्रणा पीळ खाते. हे सांगितलं. तो म्हणाला, "मग वळू नको." पाबे घाटात!

खात्री म्हणून मी माझा रेशो प्रत्यक्ष मोजायचं ठरवलं, कारण जुन्या जीपमध्ये आधीच्या मालकानं काय घालून ठेवलं असेल याचा भरवसा नसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागची दोन्ही चाकं उचलली. एका चाकाशी मुलगा, दुसऱ्याशी बायको, दोघांनी बरोबरीनं एक फेरा फिरवायचा. मी खाली उताणा, हौसिंगमध्ये शिरणाऱ्या शाफ्टवरच्या खडूच्या रेघेकडे डोळे लावून. शाफ्टचे फेरे पाचाला जरासे कमी भरले. म्हणजे ४.८८ खरा. तेवढ्यात सेक्रेटरी वाकले.

"इथं दुरुस्तीला मनाई आहे."

"दुरुस्ती नाही, मोजणी चाललीय."

"मग मोजणीचा लेखी अर्ज द्या."

याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर टाइल फोडण्याचं काम भर दुपारी चालतं. त्याला अर्ज लागत नाही.

तर पुण्याची नाना पेठ, गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. दुकानाचं नाव सांगत नाही. रुंदी एका माणसाची, खोली मात्र कुठवर जाते ते दुकानदारालाही ठाऊक नसावं. मी म्हणालो, "५.३८ चे सेट हवेत. दोन, पुढचा आणि मागचा." दुकानदारानं वर न बघता ४.२७ चं खोकं पुढं सरकवलं. "सगळे हेच नेतात."

"मला हे नको."

"का नको?"

हा प्रश्न दुकानदारानं विचारला नव्हता. माझ्या कोपराशी एक गृहस्थ उभे होते. सत्तरीचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कापडी पिशवीतून चेतकच्या तुटलेल्या क्लच केबलचं टोक बाहेर आलेलं. पोरगा आत त्यांची केबल शोधत होता, आणि तो परत येईपर्यंत त्यांना काही उद्योग नव्हता.

"सगळे नेतात ते तुम्हाला का नको?"

मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी थोडक्यात चालवून घेतलं नाही. टायर किती होता, किती झाला, दात किती, सगळं काढून घेतलं आणि पिशवीतून विजेचं बिल काढून त्याच्या पाठीवर मांडलं.

"म्हणजे सायकलचंच की हे. पुढं अठ्ठेचाळीस, मागं अठरा. आमच्या वडिलांनी मागचं फ्रीव्हील बावीसचं करून घेतलं होतं. चढाला पाय भरून येत नसत. पण त्यांनी चाक मोठं करून मग फ्रीव्हील नाही बदललं. चाक होतं तेच ठेवलं."

"बरोबर."

"तुम्ही आधी आजार घेतलात."

दुकानदार पहिल्यांदा हसला. मी म्हटलं, "काका, जीपला जमिनीपासून उंची हवी असते. टायर मोठा केला की हौसिंग दीड इंचानं वर जातं. दगडाला घासत नाही."

"कुठं आहेत दगड?"

"डोंगरात."

"तिथं नोकरी आहे का?"

नाही, तिथं नोकरी नाही. काकांनी त्याचीही नोंद घेतल्यासारखं पेन टेकवलं, मग हिशेब पुरा केला. "५.४० येतंय. तुम्ही मागताय ५.३८."

"५.४० मिळत नाही. दात पूर्ण असावे लागतात."

"हे दोन शतांश कुणी सोसायचे?"

"काका, ते लक्षातसुद्धा येणार नाहीत."

"तुमच्या नाही येणार. गाडीच्या येतील." मग एकदम आठवल्यासारखं, "जुने टायर कुठायत?"

"माळ्यावर."

"शाबूत?"

"हो."

काका काही बोलले नाहीत. बिलाची घडी घातली आणि माझ्याकडे बघत राहिले. दुकानदारही बघत राहिला. आतला पोरगा केबल न घेताच बाहेर आला आणि तोही बघत राहिला. जुने टायर चढवा, एक पैसा न खर्चता टेम्पोच्या पुढं जा, हे उत्तर चुकीचं आहे. चिखलात अडकलेल्या माणसाला ते चुकीचं असल्याचं कळतं. पण नाना पेठेत, डांबरावर, केबल मागायला आलेल्या माणसासमोर ते सिद्ध करता येत नाही, याचा मला अजूनही राग आहे.

काकांनी बिल पुन्हा उलगडलं. "थांबा. उलटं करू. रेशो ५.३८ धरून टायर काढू." खर्र खर्र. "तीस पूर्णांक सत्त्याऐंशी. म्हणजे तुमचा टायर तेरा शतांश इंच जास्त आहे. त्याचा अर्धा. म्हणजे टायर दीडेक मिलिमीटर झिजला की बरोब्बर बसेल!" त्यांचा चेहरा उजळला. "तेवढा झिजू द्या, मग या."

मी हे घरी जाऊन ताडून पाहिलं. उत्तर बरोबर आहे. वजनाखाली टायर दबतो, ३१ लिहिलेला टायर रस्त्यावर ३१ भरतच नाही, त्यामुळे या दीड मिलिमीटरला शून्य अर्थ आहे. पण उत्तर बरोबर आहे.

दरम्यान दुकानदारानं आतून मागचा सेट आणला. खोकं बंद, माल चांगला. पुढच्यासाठी मात्र फडक्यात गुंडाळलेला क्राऊन आणि वेगळ्या फडक्यात पिनियन. मी नंबर पाहिले. क्राऊनवर एक, पिनियनवर दुसराच.

"ही जोडी नाही."

"साहेब, दात मोजा. त्रेचाळीस आणि आठ."

"पुढचं कशाला बदलता?" काका. "मागचंच बदला. पुढचं कोण बघतंय?"

इथं माझा पारा चढला. पुढं ४.८८, मागं ५.३८ ठेवून फोर-व्हील जोडली तर पुढची चाकं दहा टक्के जास्त पळायला बघणार आणि मागची त्यांना धरून ठेवणार. घसरड्या चिखलात काही वेळ निभेल, दगडावर पकड मिळाली की काहीतरी तुटणारच. आणि क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात, म्हणून दोघांवर एकच नंबर कोरतात. फुटकी जोडी, म्हणजे वेगळ्या नंबरांची, बसवली की मेस्त्री कितीही शिम (पातळ चकत्या) मारो, कितीही प्ले (दातांमधली ढील) बघो, दातांना रंग लावून डाग तपासो, शे-दोनशे किलोमीटरांत हौसिंग रडायला लागतं. त्या रडण्यावर मग "जाड ऑइल भर" हा सल्ला मिळतो. बसवायची मजुरी परत मिळत नाही, उघडायची मजुरी पुन्हा द्यावी लागते. बाजारात हा माल बिनदिक्कत विकला जातो. माझे टायर तीन इंच मोठे, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माझ्यासाठी हजर. उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत सांगितलंही. फुटक्या जोड्या विकणाऱ्याच्या कलमाचा नंबर मात्र मला अजून कुणी सांगितलेला नाही.

हे सगळं मी दुकानात म्हणालो, जरा मोठ्यानं. कायद्याचा भाग वगळून. काकांनी शांतपणे ऐकलं, आणि दुकानदाराकडे वळून, जणू जन्मभर हौसिंगच उघडत आलेत अशा आवाजात म्हणाले,

"नंबर वेगळे का?"

"नंबर काय, लिहायला असतात काका."

"घासून जुळवलेले असतात. कारखान्यात. तुम्हाला माहीत नाही?" मग माझ्याकडे बोट. "हे सभ्य गृहस्थ आहेत म्हणून बोलत नाहीत." (मी पाच मिनिटं बोलत होतो.) "फुटकी जोडी आहे. निम्म्या किमतीत द्या."

"मला निम्म्या किमतीतही नको," मी म्हणालो.

"तुम्ही थांबा. निम्मी."

"काका, त्यांना नकोय."

"नको असेल तरी किंमत निम्मीच."

दुकानदारानं क्राऊन फडक्यात गुंडाळला. पिनियन गुंडाळला. मग मागच्या सेटचं बंद खोकं, जे मला हवं होतं, ज्याचे नंबर जुळत होते, ज्याचे पैसे मी मोजत होतो, तेही काउंटरखाली ठेवलं. "आज विकायचं नाही."

"आणि माझी केबल?" काका म्हणाले.

"केबल पण नाही."

बाहेर आल्यावर काकांना जीप दाखवावी लागली. त्यांनी चारही टायरच्या खाचांत नख घालून पाहिलं. स्कूटर बंद, केबल नाही, तेव्हा घरी सोडणंही आलंच. उंची वाढल्यामुळे त्यांना चढता येईना. मी खालून आधार दिला तेव्हा ते म्हणाले, "जुन्या टायरवर चढलो असतो." उतरताना त्यांनी माझा फोन नंबर बिलावर लिहून घेतला. मी का दिला, माहीत नाही.

पुढचा सेट मिळेना म्हणून दोन्ही बाजू अजून ४.८८ वरच आहेत. मुंबईत कुर्ल्याला बघून ये, असं मेस्त्री म्हणतो. बायको म्हणते, माळा रिकामा करायचा आहे. आणि सकाळी सातला, चहा अजून कपात ओतलेला नसताना, फोन येतो.

"किती झिजले?"