‘चांगल्या हॉस्पिसच्या सात खुणा’ वाचून गोळ्या बंद करण्याआधी

‘पेशंटला हॉस्पिसमध्ये ठेवण्याआधी या सात खुणा तपासा, नाहीतर पस्तावाल’ असा एक मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. हॉस्पिस म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटला शेवटच्या काळात सांभाळणारं केंद्र. मेसेजखाली ना डॉक्टरचं नाव, ना तारीख. चोपडा तालुक्यातल्या ओळखीच्या एका घरात तो वाचून आप्पांच्या दुखणं थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या बंद केल्या गेल्या. जबड्याचा कॅन्सर, गालाला आरपार जखम, माणूस रात्रभर विव्हळतोय आणि घरचे म्हणतात, ‘विष तरी पोटात जात नाही ना.’ तेव्हा हे लिहिणं भाग पडलं.

त्या सात खुणा अशा. एक, एसी खोली आणि कुठलाही वास नको. दोन, भिंतीवर एनएबीएच किंवा आयएसओचं (दर्जाच्या मान्यतेचं) सर्टिफिकेट हवं. तीन, ‘सहा महिने उरले’ असं दोन डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय जाऊ नका. चार, मॉर्फिन देणारं केंद्र टाळा. पाच, शेवटपर्यंत सलाईन चालू ठेवतं तेच चांगलं. सहा, मोफत किंवा घरी येणारी सेवा म्हणजे दर्जा नाही. सात, न सांगता जा आणि नर्स मोजा.

चौथी खूण आधी घेतो, कारण माणसं तिच्यापायी हाल होऊन मरतात. मेसेजचं म्हणणं असं की मॉर्फिन हे हळूहळू मारणारं विष आहे, ते व्यसन लावतं आणि पेशंटला कायमचं गुंगीत ठेवतं.

तोंडानं घ्यायचं मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आपल्या देशाच्या यादीतही आहे. कॅन्सरच्या जबर ठणक्याला सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने करतात, दर चार तासांनी. म्हाताऱ्या किंवा खंगलेल्या माणसाला २.५ पासून. १० मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर ती अर्धी किंवा पाव करून. असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. अधेमधे कळ उठली तर वरचा एक डोस, दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाच्या आसपास. असे वरचे डोस किती लागले ते मोजून डॉक्टर नेहमीची मात्रा वाढवतात. मात्रा ठरवणं त्यांचं काम. तुम्ही एवढंच बघायचं की ठरवण्याची ही रीत तिथं पाळतात का, आणि वेळापत्रक घरच्यांना वाचता येईल अशा मराठीत लिहून देतात का. ‘दुखलं की द्या’ एवढंच सांगून पाठवणारं केंद्र मला चालणार नाही, मग इमारत केवढी का असेना.

गुंगी येते, हे कबूल. पहिले दोन-तीन दिवस येते आणि बहुतेकांची उतरते. आठवडाभर डोळ्याला डोळा न लागलेला माणूस दुखणं थांबल्यावर झोपतो, त्यातली बरीचशी ती साधी झोपच असते. हाक मारल्यावर डोळे उघडून उत्तर देतो का, एवढं बघा. हातपाय अचानक झटके देत असतील, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील, श्वास मिनिटाला आठ-दहावर आला असेल, तर मात्र तो डोस जास्त झाल्याचा इशारा आहे, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत तो जास्त दिसतो, कारण औषध अंगात साचतं. म्हणून केंद्राला दोन प्रश्न विचारा: क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट बघून मात्रा बदलता का? मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलोक्सोन इथं ठेवलेलं आहे का? या प्रश्नांवर जो चिडतो त्याच्याकडे पेशंट ठेवू नये.

बद्धकोष्ठाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि खरा छळ तिथंच होतो. गुंगी उतरते, बद्धकोष्ठ उतरत नाही. पहिल्या गोळीबरोबरच बिसाकोडिलसारखी पोट साफ होण्याची गोळी लिहिलेली हवी. नुसता इसबगोल देऊन भागवू नये. जो माणूस दिवसात जेमतेम दोन पेले पाणी पितो त्याच्या आतड्यात तो आणखीच घट्ट बसतो. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पातळ होऊ लागलं की घरचे पोट साफ होण्याची गोळी थांबवतात. पुष्कळदा आत खडा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या बाजूनं पाझरत असतो. जाणती नर्स अशा वेळी बोटानं तपासून खात्री करते, लगेच जुलाब थांबवणारं औषध देत नाही.

व्यसनाचं म्हणाल, तर मॉर्फिन एकदम बंद केल्यावर घाम, पोटात कळा, जुलाब आणि तळमळ सुरू होते. शरीराला औषधाची सवय झाल्यामुळे तसं होतं, त्याला व्यसन म्हणत नाहीत. चोपड्यात नेमकं हेच झालं, आणि घरच्यांना वाटलं आजार वाढला.

खरा धोका कुठं आहे ते सांगतो. फेंटानिलचा पॅच, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाची चिकटपट्टी. गोळी गिळता येत नाही म्हणून छातीवर किंवा दंडावर चिकटवतात, तीन दिवसांनी बदलतात. अंग तापलं की त्यातलं औषध झपाट्यानं रक्तात उतरतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, ताप चढलेला, वर कुणी मायेनं गरम पाण्याची पिशवी शेकायला दिली, तर तोच पॅच जीव घेऊ शकतो. पॅच लावून घरी सोडताना उन्हाचं आणि शेकाचं बजावून सांगतात का, हे आपल्याकडे विचारायलाच हवं. आणि याआधी मॉर्फिनसारखं काही घेतलेलं नाही अशा माणसाला थेट पॅच लावणारे दिसले तर दुसरीकडे चौकशी करा.

कायदा उलट दिशेनं बदलला आहे. पूर्वी मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागत, म्हणून दवाखाने ते ठेवतच नसत. २०१४ साली एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकानं मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था, जिला आरएमआय म्हणतात, ती मॉर्फिन ठेवू आणि देऊ शकते. गावातल्या मेडिकलवर ते मिळत नाही, त्यामुळे ही मान्यता नसेल तर पेशंटला दुखण्यासाठी काय मिळणार ते उघड आहे. मेसेज म्हणतो मॉर्फिन ठेवणारं केंद्र टाळा. मी म्हणतो, तुमचा पहिला प्रश्न ‘आरएमआय आहे का’ हाच असू द्या.

‘लवकर संपवतात’ या आरोपावर एकच अभ्यास सांगतो, तो पुरेसा वजनदार आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१० साली छापून आला. फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. दुसऱ्या गटातली माणसं जास्त बरी राहिली, त्यांना उदासीनता कमी आली, आणि शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर जोरकस उपचारांचा मारा कमी होऊनही ती जास्त जगली: मध्यक (निम्मी माणसं ज्याच्यापेक्षा जास्त जगली तो आकडा) ११.६ महिने, पहिल्या गटाचं ८.९. हा अभ्यास अमेरिकेतल्या एका रुग्णालयातला, एकाच कॅन्सरवरचा आहे आणि तिथं पेशंट भरती नव्हते, ओपीडीत येत होते. तरीही ‘ही सेवा घेतली की माणूस लवकर जातो’ म्हणणाऱ्याला याचं उत्तर द्यावं लागेल.

तिसरी खूण याच अभ्यासापुढे पडते. आणि ती आपल्याकडची नाहीच. सहा महिन्यांचा दाखला ही अमेरिकेच्या मेडिकेअर विम्याची अट आहे, हॉस्पिसचे पैसे मिळण्यासाठी. कुणीतरी इंग्रजी पान उचललं आणि शेंडाबुडखा न बघता मराठीत ओतलं. भारतात अशी अट नाही. दाखल्याची वाट बघत बसलात तर आठवडे जातील, आणि पेशंट केंद्रात पोचेल तो घरघर लागल्यावर.

सलाईन. इथं लोकांच्या भावना गुंतलेल्या असतात म्हणून जरा थांबून बोलतो. ‘बाटली काढली, आबांना उपाशी मारलं’ असं बोलणारा एकतरी पाहुणा असतोच. शेवटच्या दिवसांत शरीर पाणी वापरत नाही. बाटलीतलं पाणी पायांवर सूज होऊन दिसतं, छातीत साचतं आणि घशातली घरघर वाढवतं. मग ती ओढून काढायला नळी घालतात, तो आणखी एक छळ. कुशीवर वळवणं, डोकं जरा उंच करणं आणि घशातला स्राव कमी करणारं ग्लायकोपायरोलेट वेळेवर देणं, एवढ्यानं पुष्कळ काम होतं. कोरड पडते ती तोंडाला. दर दोन तासांनी ओल्या गॉजनं तोंड पुसलं, ओठांना खोबरेल लावलं, तर बाटलीपेक्षा आराम पडतो. भेटीच्या वेळी पेशंटची जीभ बघा. पांढरी पुटं, सुकलेली कफाची साल दिसली, तर तिथं काळजी घेतली जात नाही हे समजा, बाटली लटकत असली तरी.

अर्धं सत्य आहे ते असं: उलट्या, जुलाब किंवा उन्हाळ्याच्या तडाख्यानं पाणी कमी झालं असेल आणि माणूस अजून हिंडता-बोलता असेल, तर सलाईनचा उपयोग होतो. त्यासाठी शीर सापडलीच पाहिजे असंही नाही. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बटरफ्लाय (पंखांची बारीक) सुई लावून हळूहळू सोडता येतं, हातभर टोचणी न करता. ही पद्धत येणारी नर्स घरीही ते करू शकते.

सर्टिफिकेटबद्दल फार लिहावं असं काही नाही. नर्सिंग होमची नोंदणी आणि तिची मुदत जरूर बघा. एनएबीएचची मान्यता ठरावीक पत्त्याची आणि मुदतीची असते. मुख्य हॉस्पिटलचा कागद शाखेच्या भिंतीवर नसावा. आयएसओवरून पाठीवरच्या जखमा कळत नाहीत.

वास येऊ नये म्हणतात, ते खरंय, पण रूम फ्रेशनरच्या वासाला भुलू नका. तोंडाच्या कॅन्सरच्या जखमेला वास येतोच. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर भुरभुरली, रोज ड्रेसिंग झालं, की तो बराच आटोक्यात येतो. स्वस्त उपाय आहे. उन्हाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून अशा पेशंटच्या खाटेला मच्छरदाणी आहे का ते बघा. त्याला मागच्या खोलीत ढकललेलं दिसलं तर तुमच्या माणसाचंही तेच होणार.

सातव्या खुणेत दम आहे. न सांगता जा. पण सकाळी अकराला जाऊन नर्स मोजण्यात अर्थ नाही, रात्री नऊनंतर जा. ड्युटीवर जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली नर्स आहे की फक्त मावशी? कुशी बदलल्याचा तक्ता खाटेच्या पायाशी असतो, तो हातात घ्या. दर दोन तासांची नोंद, सगळी एकाच पेनानं, एकाच अक्षरात, आणि अजून न वाजलेल्या दहाची सहीसुद्धा झालेली, असं दिसलं की तक्ता खोटा. मग टाचा आणि माकडहाड बघायला सांगा. लाल दिसलेल्या जागी बोट दाबल्यावर ती क्षणभर पांढरी पडली नाही, तर जखम सुरू झालीये. त्या जागी चोळणं किंवा खाली रबरी रिंग ठेवणं चुकीचं. एअर मॅट्रेस असेल तर कमरेच्या जागी गादीखाली हात सरकवा. माणसाचं हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. आपल्याकडे वीज जाते, पंप बंद पडला की गादी चपटी होते आणि ऑक्सिजनचं कॉन्सन्ट्रेटरही थांबतं. इन्व्हर्टर कशाकशाला जोडलाय ते विचारा.

सहावी खूण सगळ्यात वाह्यात. मुंबईत बांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, आणि तिथं पैसे घेत नाहीत. फुकट म्हणजे निकृष्ट हे कुठून आणलं? घरी येणाऱ्या सेवेचं म्हणाल, तर नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाला खाट मिळणार कुठं? त्याला घरी येणारीच सेवा लागते. तिची पारख वेगळी आहे. रात्री दोनला फोन कोण उचलतं, नर्स की वॉचमन? एकदा त्या वेळी लावून बघा. रेंज नसली तर काय करायचं हे आधी ठरवलंय का? दुखणं, उलटी, तगमग आणि घरघर यांची औषधं कोणती केव्हा द्यायची ते लिहून एका डब्यात घरी ठेवतात का? गोळ्या संपायच्या किती दिवस आधी नव्या पोचतात? शनिवारी संपणाऱ्या स्ट्रिपला सोमवारचं उत्तर चालत नाही. अशी सेवा आहे का, हे जिल्हा रुग्णालयात सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या कॅन्सर ओपीडीत विचारता येतं.

मृत्यूनंतरचं त्या मेसेजमध्ये काहीच नाही. घरी माणूस गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, फॉर्म ४अ, कोण देणार हे आधीच विचारून ठेवा. नाहीतर तिरडी दारात आणि मुलगा डॉक्टर शोधत गावभर. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत मागणारं केंद्र मिळालं तर बरं, त्यांच्याकडे हिशोब असतो. मागितल्या नाहीत तरी तुम्ही नेऊन द्या आणि सही घ्या.