ग्रंथपालाची गरज संपली म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार गटांतून आला, त्यातला एक आमच्याच माजी विद्यार्थ्यांचा. त्याचा सारांश असा: कॉलेजचा ग्रंथपाल दिवसभर शिक्के मारतो आणि पेपर वाचतो. त्याला पगार मात्र प्राध्यापकाइतका मिळतो. आता सगळं गूगलवर फुकट आहे, उरलेलं एआय सांगतं. मुलं येतात ती फक्त अभ्यासिकेत बसायला. तेव्हा ही पदं भरूच नयेत, एक क्लार्क पुरे.

पुण्यातल्या एका कॉलेजात मी तेवीस वर्षं ग्रंथपाल आहे. एकेक मुद्दा घेते.

"सगळं गूगलवर फुकट मिळतं." हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. संशोधनाची नियतकालिकं फुकट असती तर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले नसते. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं त्यातून सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना मिळतात. विद्यार्थी कॅम्पसच्या वायफायवर लेख उघडतो आणि त्याला वाटतं, गूगलने दिला. त्या लेखाचे पैसे कुणीतरी भरलेले असतात. घरी गेल्यावर तोच लेख उघडेनासा झाला की तो ग्रंथालयात फोन करतो.

मराठीचं तर आणखी वेगळं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे विसाव्या शतकातलं मराठी लेखन मोठ्या प्रमाणावर परवानगीशिवाय नेटवर येऊच शकत नाही. जे स्कॅन होऊन आलं आहे त्यातलं पुष्कळसं नुसतं पानाचं चित्र असतं, त्यात शब्द टाकून शोधता येत नाही. युनिकोडच्या आधी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप झालेला मजकूर उघडला की इंग्रजी अक्षरांचा गिचमिड गोळा दिसतो. गूगलला ते सापडत नाही, आणि जे गूगलला सापडत नाही ते मुलांच्या लेखी नसतंच. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

"उरलेलं एआय सांगतं." मागच्या वर्षी समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. विषय पानशेतचा. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठचं पुणं वाहून गेलं, त्यानंतर माणसं कुठे आणि कशी वसवली गेली, याचा तिला अभ्यास करायचा होता. तिच्या हातात अकरा संदर्भांची यादी होती, एआयकडून घेतलेली. नियतकालिकांची नावं खरी, खंड, अंक, पानं सगळं नीट मांडलेलं. दोन दुपारी आम्ही ती यादी तपासली. अकरापैकी सात लेख अस्तित्वातच नव्हते. पोरगी रडकुंडीला आली, कारण तिने त्यातले दोन आपल्या प्रकरणात उद्धृतही केले होते.

आणि जे हवं होतं ते त्या यादीत नव्हतंच. गोखले संस्थेच्या सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा अभ्यास केला होता आणि तो साठच्या दशकातच पुस्तकरूपाने आला. इंग्रजी पुस्तक आहे. शीर्षकात 'पुणे' नाही, 'पूना' आहे. 'फ्लड' नाही, 'डेल्यूज' आहे. आणि पानशेत तर त्यात नाहीच. ती महिनाभर 'पुणे फ्लड' आणि 'पानशेत' टाकून शोधत होती. नोंद करताना ग्रंथपाल पुस्तकाला शीर्षकाखेरीज विषयाची नावं देतो ती याचसाठी. पुस्तक स्वतःला काय म्हणवतं आणि वाचक त्याला काय म्हणून शोधेल, या दोन्हींची गाठ घालायची असते. तालिकीकरण म्हणतात ते हेच.

"शिक्के मारतो." हो, मारतो. नवं पुस्तक आलं की आधी बिल आणि प्रत ताडून पाहायची, मग परिग्रहण नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदलं जातं त्या वहीत, क्रमांक, मग विषयानुसार वर्गांक, मग संगणकात नोंद, बारकोड, पाठीवर चिठ्ठी. मराठी साहित्य विषयांना आकडे देणाऱ्या ड्यूईच्या पद्धतीत ८९१.४६ वर येतं, हे कुणीही पाठ करू शकेल. पण दलित आत्मकथन साहित्यात ठेवायचं, चरित्रात की समाजशास्त्रात, हा निर्णय पुस्तक चाळल्याशिवाय होत नाही. चुकला तर ते पुस्तक पुढची वीस वर्षं चुकीच्या कपाटात बसतं आणि ज्याला हवं त्याच्या हाती लागत नाही. शिक्का शीर्षकपानावर मारतोच, शिवाय आत एका ठरलेल्या पानावरही मारतो. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. पहिली पानं फाडली तरी पुस्तक कुणाचं ते कळावं, म्हणून.

"पेपर वाचतो." सकाळी वर्तमानपत्रं येतात ती मुलांसाठी, आणि कात्रणं काढायची तर ती वाचावी लागतात. पण माझ्या टेबलावर जास्त वेळ पडून असतात ते प्रबंध. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या आहेत. सॉफ्टवेअर नुसता टक्का देतं. त्यातलं अवतरण कुठलं, सर्वमान्य व्याख्या कुठली आणि उचललेला परिच्छेद कुठला, हे माणसालाच बघावं लागतं. एका मुलाच्या चार वर्षांच्या कष्टांवर चोरीचा डाग लागू नये, म्हणून मी तो अहवाल ओळीओळीने वाचते.

दुसरं काम बोगस नियतकालिकांचं. पैसे भरा, आठवड्यात छापतो, असले मेल आमच्या तरुण प्राध्यापकांना रोज येतात. २०१८ मध्ये इथल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली होती. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकषांत बसली नाहीत. पुढे आयोगाने दर्जेदार नियतकालिकांची 'केअर' यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता चांगलं-वाईट ज्याचं त्याने, ज्या त्या संस्थेने ठरवायचं. मग लोक विचारायला कुणाकडे येतात? संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, त्या माणसांना आपलं नाव तिथे आहे हे माहीत तरी आहे का, आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, दुसऱ्याचा उचललाय का, हे बघायला वेळ आणि सवय लागते.

"पगार प्राध्यापकाइतका." पात्रताही तशीच आहे. एम.लिब. आणि त्यावर नेट, सेट किंवा पीएच.डी. यापलीकडे यावर बोलण्यासारखं मला काही दिसत नाही.

"मुलं फक्त अभ्यासिकेत बसायला येतात." यातलं निम्मं मी मान्य करते. कपाटांमधल्या वाटा रिकाम्या आणि अभ्यासिकेत जागा नाही, हे चित्र माझ्याकडेही आहे. पण ही मुलं कोण आहेत ते पाहा. बीड, नांदेड, धाराशिवकडून आलेली, एका खोलीत चौघं राहणारी. सदाशिव पेठेतल्या खाजगी अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं त्यांच्या जेवणातून निघतं. त्यांना पंखा, उजेड, स्वच्छ पाणी आणि कुणी न हटकणारी खुर्ची देणं हे ग्रंथालयाचंच काम आहे. परीक्षेच्या दिवसांत मी संध्याकाळी आठपर्यंत थांबते ती यांच्यासाठी. आणि खुर्चीवर बसायला आलेल्यातला एखादा महिन्याभराने काउंटरवर येऊन हळूच विचारतो, "मॅडम, या विषयावर मराठीत काही आहे का?" तो पहिला प्रश्न विचारायला त्याला महिना लागतो. तोवर तिथे कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

"एक क्लार्क पुरे." असा प्रयोग झालेला मी पाहिला आहे. एका कॉलेजात ग्रंथपाल निवृत्त झाल्या, पद भरलं गेलं नाही, किल्ल्या कार्यालयात गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात रंगकामासाठी कपाटं हलवायची होती, तेव्हा कुणी मागत नाही म्हणून जुन्या मासिकांच्या बांधीव फाइली रद्दीत दिल्या गेल्या. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी जुन्या पुस्तकांच्या फूटपाथवर पुस्तकं बघत होते, तर एका ढिगात पन्नाशीच्या दशकातल्या चार फाइली दिसल्या. कापडी बांधणी अजून घट्ट होती. पहिलं पान गेलेलं होतं. मी सवयीने आतली पानं उलटली आणि एका पानावर त्या कॉलेजचा शिक्का सापडला. खाली परिग्रहण क्रमांक निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. ग्रंथालयाने संग्रहातून रद्द केल्याची खूण कुठेच नव्हती.

चारही फाइली मी विकत घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजला फोन केला, की तुमच्या वस्तू माझ्याकडे आहेत, क्रमांक सांगते, नोंदवहीत बघून घ्या. तीन वेळा फोन इकडून तिकडे जोडला गेला. परिग्रहण नोंदवही कुठे ठेवली आहे, हे सांगू शकेल असं तिथे कुणीच नव्हतं.