‘पढवलेली मुलं’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘एक वाचक’,

ताब्याच्या भांडणात मुलाला एका पालकाविरुद्ध कसं पढवतात, यावर मी ‘पढवलेली मुलं’ हा लेख लिहिला. त्यावरची आपली प्रतिक्रिया उडवून टाक, असं दोघातिघांनी सुचवलं. उडवलेली नाही. उत्तर मात्र लांबलं, म्हणून इथे वेगळं देतोय.

आधी माझी चूक. मुलाला पुरेशी समज असेल तर त्याची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, ही तरतूद मी १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या नावावर टाकली होती. ती आहे १८९०च्या पालक व पाल्य कायद्यात, कलम १७(३). १९५६चा कायदा सांगतो ते पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, हे. आपण दाखवून दिलंत, आभार. पण एका कलमाच्या गल्लतीवरून ‘अभ्यास न करता लेखणी सरसावणारे बाप’? ही कुठली भाषा? मी लेखात कुणाच्या आईवर एक वावगा शब्द वापरलाय का? असेल तर दाखवा.

आता ते वाक्य, ज्यासाठी आपण बहुधा सगळी प्रतिक्रिया लिहिलीत: ‘मुलीला तुमच्याकडे यावंसं वाटत नसेल, तर त्याचं कारण तुम्हीच असाल, हे कधी मनात आलं का?’

आलं. आठ वर्षं, दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आलं.

आमची केस चालू होती तेव्हा मुलगी सात वर्षांची. भेट कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, अकरा ते एक. एक पाय मोडलेला प्लास्टिकचा घोडा, भिंतीवर छोटा भीम, आणि दाराशी खुर्ची ओढून बसलेली तिची आजी. मी बाकरवडी नेली होती, तिला आवडते म्हणून. तिने डबा न उघडताच माझ्याकडे सरकवला, शाळेत कविता म्हणताना बांधतात तसे हात मागे बांधले आणि म्हणाली, ‘‘मला अंतरिम भेट नको आहे.’’ मग मिनिटभराने, अगदी हळू, ‘‘बाबा, अंतरिम म्हणजे काय?’’

मी आजीकडे पाहिलं. त्या स्वतःच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

अंतरिम! म्हणजे निकाल लागेपर्यंतची, तात्पुरती. हा शब्द मी स्वतः चाळिशीत, वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दुसरीतल्या पोरीला तो कुणी दिला? तुम्ही त्या खोलीत कधी बसलायत का? नसाल बसला, तर ‘कारण तुम्हीच असाल’ हे वाक्य घरी सोफ्यावर बसून टाइप करायला फार सोपं आहे. मी मुलीवर कधी हात उगारलेला नाही. तिच्या आईवरही नाही. आवाज चढला असेल. कुणाचा चढत नाही?

आणि लगेच उलटा प्रश्न येईल, म्हणून मीच सांगून टाकतो. समुपदेशक मॅडमकडे जायच्या आधी मी तिला एवढंच म्हणालो होतो, की मॅडमनी विचारलं तर सांग, बाबांकडे मजा येते. आणि आजी कशी ओरडते तेही सांग. जे खरं होतं तेच. याला कुणी पढवणं म्हणणार असेल, तर माझे हात जोडलेले आहेत.

बाकीच्या मुद्द्यांचं थोडक्यात. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये मूल असं एका पालकाविरुद्ध फिरण्याला ‘सिंड्रोम’, म्हणजे एक विकार, म्हटलं, ते अधिकृत निदान म्हणून मान्य झालं नाही, हे मला ठाऊक आहे. मी लेखात सिंड्रोम म्हटलेलंच नाही. पोराचे कान भरणं म्हणतो, आणि त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही.

२०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माझ्या तोंडावर फेकलात. कुणावरही ‘मूल पढवलं’ असा घाईने शिक्का मारू नका, प्रत्यक्ष वागणुकीचे प्रसंग तपासा, असं त्यात आहे. बरोबर. पण त्याच प्रकरणात मुलांचा ताबा वडिलांकडेच राहिला, हे लिहायला विसरलात! मी ज्यावर लेख उभा केला त्या २०१७च्या, त्याच न्यायालयाच्या निकालात तर मुलगी वडिलांकडे वाढलेली, वडिलांकडेच राहायचं म्हणणारी, आणि कोर्टाने ताबा दिला आईला. आईचा सहवास मिळालाच नाही, तर पोरीच्या निवडीला काय अर्थ, असा तो मुद्दा. म्हणजे मी बापांची वकिली करतोय हा आरोप कुठून आला? लेख शेवटपर्यंत वाचला होता ना?

छळ सोसलेली आई तक्रार करते तेव्हा ‘मूल पढवलंय’ म्हणून तिचं आणि मुलाचं, दोघांचंही तोंड बंद करतात, हा आपला मुद्दा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पुन्हा कधीतरी.

मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. येते. महिन्यातून एकदा, आणि बराच वेळ मोबाइल घेऊन गॅलरीत बसते. त्या शनिवारचं मी अधूनमधून विचारतो. आठवत नाही म्हणते. गेल्या वेळी म्हणाली, ‘‘बाबा, किती वेळा तेच?’’ या वयात सगळीच मुलं असं बोलतात.

कलमाची दुरुस्ती मूळ लेखात आज सकाळी केली आहे. दाखवून देणाऱ्याचं नाव तिथे द्यायचा रिवाज मी पाळतो, पण आपण ते दिलेलंच नाही.