‘केशरी कार्ड काढा, 35 किलो मोफत’ : मेसेज पुढे पाठवण्याआधी

वस्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा : ‘केशरी रेशन कार्ड काढा, घरटी 35 किलो धान्य मोफत. गावचं कार्ड मुंबईत चालत नाही, नवीन काढा. अंगठा लागला नाही तर धान्य गेलं.’

केशरी म्हणजे धान्य, इथेच गाडी घसरते. केशरी रंग सांगतो एवढंच, की वर्षाचं उत्पन्न 15 हजारांच्या वर आणि 1 लाखाच्या आत आहे. त्यावर धान्य मिळतं ते 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ‘प्राधान्य कुटुंब’ अशी नोंद असेल तरच. शहरात त्याची मर्यादा वर्षाला 59,000 रुपये, म्हणजे महिन्याला पुरते पाच हजारही नाहीत. मुंबईत एवढ्यात खोलीचं भाडं निघालं तरी नशीब! शिवाय राज्याचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरलेला आहे, सुमारे 7 कोटी लाभार्थी. तो भरला की पात्र कुटुंबही ताटकळतं. तेव्हा कार्ड हातात आलं की रंग नको, प्राधान्य कुटुंबाचा शिक्का बघा. नसेल तर शिधावाटप कार्यालयात उत्पन्नाच्या हमीपत्रासह अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

35 किलो फक्त अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या कार्डाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, चौघांचे 20. मोफत मात्र खरं आहे, जानेवारी 2023 पासून. दुकानदार पैसे मागत असेल तर मशीनची पावती मागा आणि 1967 या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करा.

गावच्या कार्डाबद्दलचा सल्ला सगळ्यात नडणारा. त्या कार्डावर धान्य सुरू असेल तर कार्डाचा बारा अंकी नंबर सांगून मुंबईतल्या कुठल्याही रेशन दुकानात ते उचलता येतं. काही इथे, उरलेलं गावी, असंही चालतं. गावच्या कार्डावर नाव असताना इथे नवीन अर्ज टाकला, की आधार जुळतं आणि अर्ज अडकतो. नवीनच हवं असेल तर आधी नमुना 9 भरून गावाकडून नाव कमी करून घ्या.

राहिला अंगठा. भांडी घासून, सिमेंट कालवून रेषा झिजतात, हे खरं. दुसरी बोटं लावून बघा, कार्डावरच्या दुसऱ्या माणसाला पाठवा, नाहीतर डोळ्यांचं स्कॅन किंवा ओटीपी मागा. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. तिथे जुनं, बंद पडलेलं सिम असेल तर आधी ते बदला.