झूम नऊ दाबलं की झाला हिस्टोग्राम? काहून बापा!

परवा ताईनं फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. "ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर १० सेकंदात हिस्टोग्राम, ही ट्रिक शिक्षक सांगत नाहीत", खाली ५ मुद्दे आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. हिस्टोग्राम म्हणजे कुठल्या गटात किती आकडे येतात ते चिकटलेल्या पट्ट्यांनी दाखवणारं चित्र. असे मेसेज मी वाचतही नाही, पण यावेळी भाची त्यावरून प्रोजेक्ट करून राहिली होती. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटला आहे ती, तिथे आलेख काढणारं हे मशीन वापरावंच लागतं. रात्री साडेदहाला फोन, "मामा, माझे संत्रे कुठे गेले?"

झालं असं की तिनं कळमन्याच्या बाजारातून आणलेले ४० संत्रे ताईच्या किचनमधल्या काट्यावर एकेक करून तोलले आणि वहीत ताळ्याच्या खुणा करून टेबल बनवलं. १०० ते ११० ग्रॅमचे ४, ११० ते १२० चे ९, १२० ते १३० चे १४, १३० ते १४० चे ९, १४० ते १५० चे ४. इतकं सुंदर टेबल, मधे उंच आणि दोन्हीकडे सारखं उतरतं. आणि स्क्रीनवर काय, तर ३ पट्ट्या, दोन सारख्या उंचीच्या आणि एक त्यांच्या निम्मी.

हा त्या मेसेजमधल्या दुसऱ्या मुद्द्याचा प्रताप. तो म्हणतो, "टेबल दिलं असेल तर फक्त वारंवारतेचा कॉलम एल१ मधे टाका." वारंवारता म्हणजे त्या गटात किती संत्रे, आणि एल१ म्हणजे मशीनमधली आकड्यांची पहिली यादी. अरे, कोणी लिहिलं हे? मशीनला काय माहीत की ही वारंवारता आहे? त्याला दिसतात फक्त ५ आकडे, ४, ९, १४, ९, ४. मग ते इमानेइतबारे मोजतं की ४ दोनदा आला, ९ दोनदा आला, १४ एकदा आला, आणि तेवढंच काढून दाखवतं. म्हणजे वारंवारतेचीच वारंवारता! ४० संत्र्यांची झाली ५. वाईट हे की एरर येत नाही, चित्र छान दिसतं, पोरगी ते वहीत उतरवून मोकळी होते.

बरोबर काय ते टीआय-८४ पुरतं सांगतो, कारण तिच्याकडे तेच आहे. स्टॅट, एडिट, एल१ मधे वर्गमध्य, म्हणजे प्रत्येक वर्गाचा (१०० ते ११० अशा गटाचा) मधला आकडा, १०५, ११५, १२५, १३५, १४५ आणि एल२ मधे वारंवारता. मग स्टॅट प्लॉटमधे प्लॉट१ ऑन, पट्ट्यांचं चित्र असलेला प्रकार, एक्सलिस्टला एल१ आणि फ्रीक्वेन्सीला एल२. तिथे आधीपासून १ लिहिलेला असतो तो बदलायचा, मेसेजमधे याचा उल्लेखच नाही. आता विंडोत जाऊन एक्समिन १००, एक्समॅक्स १५०, एक्स-स्केल म्हणजे पट्टीची रुंदी १०, वायमिन ०, वायमॅक्स १५, आणि ग्राफ दाबा. ५ पट्ट्या येतात, मधली १४ ची. आले संत्रे परत.

पहिला मुद्दा, "डेटा टाका, झूम ९ दाबा, विंडोला हात लावू नका." यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. झूम ९ म्हणजे झूमस्टॅट, त्यानं सगळा डेटा स्क्रीनवर येतो, पहिली नजर टाकायला झकास, मीही आधी तेच दाबतो. पण ते वर्गाची रुंदीही स्वतःच्या मनानं ठरवतं आणि ती बऱ्याचदा दशांशाची लांब शेपूट घेऊन येते. तुमचे वर्ग १०-१० चे आणि मशीनचे भलतेच, मग टेबल आणि आलेख जुळणार कसे? कॅसिओचं मशीन निदान काढायच्या आधी सुरुवात आणि रुंदी दाखवून विचारतं तरी.

तिसरा मुद्दा, "रुंदी जितकी कमी तितका आलेख अचूक, सरळ १ ठेवा." ठेवून पाहा. १०० ते १५० मधे १ ची रुंदी म्हणजे ५० पट्ट्या, आणि टीआयच्या मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय की एक्समॅक्स वजा एक्समिन भागिले एक्स-स्केल हे ४७ पेक्षा जास्त चालत नाही. मशीन एरर देतं, विषय संपला. आणि ४० संत्र्यांना ४५ पट्ट्या केल्या तरी काय दिसणार, पडक्या दातांसारखं काहीतरी.

त्याच मॅन्युअलमधे पुढचं वाक्य चौथ्या मुद्द्याचं उत्तर आहे. मेसेज म्हणतो काठावरचा आकडा कुठल्याही वर्गात धरा, फरक पडत नाही. मॅन्युअल म्हणतं, काठावरचा आकडा उजव्या पट्टीत. बरोबर ११० ग्रॅमचं संत्रं ११०-१२० मधे जाणार, शाळेत शिकवतात तसंच, वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही. ट्रेस दाबून दुसऱ्या पट्टीवर जा, खाली किमान ११०, कमाल १२० पेक्षा कमी, एन ९ असं दिसतं. म्हणूनच एल१ मधे वर्गमध्याऐवजी खालच्या मर्यादा टाकल्या तरी आलेख तोच येतो, वरच्या टाकल्या की अख्खा आलेख एक घर उजवीकडे सरकतो आणि शेवटची पट्टी स्क्रीनबाहेर.

राहिला "हिस्टोग्राम म्हणजेच बार ग्राफ". नाही. संत्रं, केळं, पपई कोणाला किती आवडते हा स्तंभालेख, तिथे पट्ट्यांमधे फट. आयतालेखात, म्हणजे हिस्टोग्राममधे, खाली सलग आकडे, पट्ट्या चिकटून. एक्सलिस्टमधे पपई टाकून दाखवा.

आणि एक त्या मेसेजमधे नसलेली गोष्ट. वाय= मधे जुनं समीकरण चालू राहिलं असेल तर ते पट्ट्यांवरून आडवंतिडवं जातं, आधी बंद करा. भाचीच्या मशीनमधे मागच्या चॅप्टरची सरळ रेघ तशीच होती, आणि बाईसाहेबांनी ती वहीत उतरवून वर "ट्रेंड लाइन" असं लाल पेननं लिहिलं होतं.